आत्यावश्यक सेवा

माझ्या जीपच्या काचेवर लाल रेडियमची अक्षरं आहेत, 'आत्यावश्यक सेवा'. रेडियम आता कडेनं सोलायला लागलंय, पण अक्षरं लांबून वाचता येतात. मीच कापली, मीच चिकटवली. घोडेगावच्या स्टँडवर गाडी लागली की कुणीतरी शहाणा हटकून जवळ येतो आणि सांगतो, "भाऊ, चुकलंय. अत्यावश्यक पायजे. काना काढा." आमचे बाळासाहेब गुरुजी तर गाडी दिसली की कपाळावर हात मारून घेतात. म्हणतात, "सोपाना, तुला मी शिकवलंय हे निदान कुणाला सांगत जाऊ नको." मी म्हणतो, "गुरुजी, गाडी इका म्हणलात तर इकीन, पर काना काढनार न्हाई."

का नाही, ते सांगतो. पण त्यासाठी आत्याचं सगळं सांगावं लागेल, आणि आत्याचं सांगायला बसलो की माझं डोकं तापतं. तापलं तर तापलं.

लंकाबाई माझ्या बापाची थोरली बहीण. डिंभ्याच्या धरणाच्या वर आमची वाडी. भाताची खाचरं आणि उतारावर नाचणी, एवढीच आमची शेती. आत्याचा नवरा लवकर गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. पण भावाच्या दारात आलेय म्हणून मान खाली घालून बसणारी बाई ही नव्हे. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. माझा बाप मोठा मिशांवर ताव देणारा गडी, पण "लंकाक्काला इचारू" म्हटल्याशिवाय कोंबडं विकायचा नाही. आवाज तर असा, की तिनं मला हाक मारली की धरणावर मासे धरणारे जाळं सोडून वर बघायचे.

वाडीतल्या भावकीतल्या बहुतेक पोरांची नावं तिनंच ठेवलीत. तो आत्याचा मानच असतो. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या. आमची आत्या म्हणायची, "वाडीत पोरं किती झाली ते माझ्या पाठीला इचारा." नाव ठेवायचा मान आत्याचा आणि नावं ठेवायचाही आत्याचाच, असं तिचं म्हणणं, आणि दोन्ही कामं ती मन लावून करायची. माझं 'सोपान' तिनंच ठेवलं, आणि सोपान कसा निघाला याबद्दल मला नावंही तिनंच ठेवली.

ती कामाला होती हायवेला, कळंबच्या अलीकडे असलेल्या एका खासगी दवाखान्यात. दवाखान्याचं नाव सांगत नाही, आजही रोज त्याच रस्त्यानं माझी गाडी जाते. तिथं ती धुणं धुवायची. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनची हिरवी फडकी. मागच्या अंगाला धुण्याची खोली होती, त्यात एक मशीन, तेही सारखं रुसणारं, त्यामुळं निम्मं धुणं हातावरच. चार बाया होत्या, चौघीही ठेकेदारामार्फत लागलेल्या. सकाळच्या पहिल्या फेरीला आत्या माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली असायची. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं, की त्या माणसाला उतरवण्यापासून तिचा दिवस सुरू व्हायचा.

आता त्या दवाखान्यात चौघींना मिळून नाव एकच होतं, मावशी. डॉक्टर म्हणणार मावशी, नर्स म्हणणार मावशी, काल कामाला लागलेला वॉर्डबॉय म्हणणार ए मावशी. एक हाक आली की चार माना वळायच्या. आत्याला याची भारी चीड. संध्याकाळी गाडीत बसली की सुरू व्हायची. "मावशी म्हंजी काय रं? लाड करनारी, पदरानं तोंड पुसनारी, आन् जाताना काय बी न मागनारी. राबवायला बरी. आत्या म्हना की मला! आत्याला लुगडं द्यावं लागतं, मान द्यावा लागतो. न्हाई दिला तर आत्या मांडवात रुसून बसती, आन् लगीन अडतं."

मागच्या सीटवरची पॅसेंजर हसायची, मी पण हसायचो. मला वाटायचं, हिला भांडायला रोज काहीतरी लागतंच, आज हे मिळालंय.

मग कोरोना आला. थाळ्या वाजवायचा दिवस आठवत असेल तुम्हाला. आत्यानं थाळी नाही, आईची पितळी परात घेतली आणि उलथणं. अंगणात उभी राहून अशी बडवली की परातीला खळगा पडला. आई ओरडली, "वन्सं, फुटंल की वो!" तर म्हणते, "फुटू दे. दवाखान्यातल्या मानसांसाठी वाजवायची हाय न्हवं? मंग म्या माझ्यासाठीच वाजिवते." इतकी खूश मी तिला माझ्या लग्नातही बघितली नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फोन आला. दवाखान्याचा मॅनेजर ऋतिक. पुण्याला शिकून आलेला, वयानं माझ्याएवढाच, बोलायला गोड. आत्या फोन नेहमी स्पीकरवर लावते, कानाला धरला तर आवाज आत अडकतो असं तिला वाटतं. म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मावशी, सध्या पेशंट नाहीत, ओपीडी बंद ठेवलीय. फक्त अत्यावश्यक स्टाफ ठेवायचाय. तुम्ही घरीच थांबा. काळजी घ्या हां."

"आन् बाकीच्या?"

"सगळ्याच मावश्या."

"मंग कवा येऊ?"

"कळवतो ना," म्हणाला आणि ठेवला.

आत्यानं मला विचारलं, "अत्यावश्यक म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "ज्याच्याबिगर अडतं ते."

 आत्या भिंतीला टेकवलेल्या परातीकडे बघत बसली.

इथं माझं डोकं तापतं. आत्याबिगर अडत नाही? रक्तानं भिजलेली चादर काय आपली आपण धुऊन दोरीवर जाऊन बसते? डॉक्टर गरजेचा, मान्य. नर्स गरजेची, मान्य. औषधाचं दुकान गरजेचं. पुढं तर दारूचं दुकानही गरजेचं निघालं, लांबच लांब रांगा लागल्या, पोलीस उभे राहिले रांगा लावायला. बिनगरजेची कोण, तर चादर धुणारी. आणि काढायची पद्धत तरी बघा राव. चार बाया एका फोनात काढल्या, एकीचंही नाव न घेता!

तिला लागलं तेच. काम गेल्याचं दुःख होतंच, कुणाला नसतं? पण तिला खुपलं ते हे. दोन-तीन दिवस ती गप्प होती. आमच्या घरात आत्या गप्प म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. आई तर हळूच तिच्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली. मग एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "सोपाना, म्या तितं परत जानार. पर मावशी म्हनून न्हाई. लंकाबाई म्हनून. त्यांनी मला माझ्या नावानं आत घ्यायचं. न्हाईतर ऱ्हायलं."

आई म्हणाली, "वन्सं, नावानं काय प्वाट भरतंय व्हय?"

"प्वाट कामानं भरतं. पर नाव नसलं की काम कवा काढून घेतलं ते बी कळत न्हाई. आत्ताच बघितलंस न्हवं?"

इकडं माझी जीपही बंद पडलेली. शेअर जीप म्हटलं की पोलिसांना त्यात कोरोनाच बसलेला दिसायचा. पण नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो न्यायची परवानगी मिळाली. मी मागच्या सीटा काढल्या आणि क्रेट भरायला लागलो. म्हणजे बघा, टोमॅटोला पास मिळाला, आमच्या आत्याला नाही! टोमॅटो अत्यावश्यक, टोमॅटोची गाडी अत्यावश्यक. काचेवर तसं लिहून घ्या म्हणाले. घरात लाल रेडियम पडलं होतं, बसलो कापत. जन्मात कधी 'अत्यावश्यक' लिहायची वेळ आली नव्हती माझ्यावर. तोंडात मात्र दिवसभर 'आत्या, आत्या'. कात्री गेली तिकडंच.

चूक पहिल्यांदा गुरुजींनीच काढली. त्यांनी अंगणात येऊन मला काना-मात्रा समजावून सांगितल्या, तेव्हा आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती.  निवडता निवडता तिनं सगळं ऐकून ठेवलं.

काही दिवसांनी म्हणाली, "मला दवाखान्यावर सोड. माझी डब्याची पिशवी आन् कामाच्या चपला तितंच ऱ्हायल्यात. आन् त्या ऋतिकला तोंडावर इचारते." मी म्हणालो, पोलीस सोडणार नाहीत. तोवर ती सीटवर बसलीसुद्धा.

मंचरच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदारानं काच वाचली, क्रेट बघितले, मग आत्याकडे बघितलं.

"टोमॅटो जाऊ दे. बाईला उतरव."

"साहेब, दवाखान्यात कामाला हायत त्या."

"पास दाखव. न्हाई? मंग उतरव."

आत्या उतरली. मला वाटलं, संपलं, आता हिला परत वाडीवर कसं न्यायचं. पण ती गाडीच्या पुढं गेली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, हे वाचा की जरा."

"अत्यावश्यक सेवा. वाचलं. म्हनून तर टोमॅटो सोडतोय."

"नीट वाचा. पयलं अक्षर काय हाय?"

"आ."

"आन् फुडं?"

"आत्या..." हवालदार थांबला. पुन्हा एकदा सगळं वाचलं. "आत्यावश्यक!"

"मंग? आत्या आवश्यक. त्यातली आत्या म्या. ह्यो माझा भाचा, इचारा त्याला. टोमॅटो माझ्यासंगं चाललेत साहेब, म्या टोमॅटोसंगं न्हाई चालले."

हवालदार इतका हसला की मास्क नाकावरून घसरला. त्यानं बाकीच्यांना हाक मारली, "अरे इकडं या, हे वाचा." सगळे येऊन वाचून गेले. त्या दिवसांत पोलिसांनाही हसायला काही मिळत नव्हतं बिचाऱ्यांना. "जावा आत्या," तो म्हणाला, "पर येताना काना काढून या." तेव्हापासून त्या नाक्यावर माझी जीप दिसली की लांबूनच ओरडायचे, "आत्याची गाडी आली, सोडा रे!"

तिथून दवाखान्यापर्यंत आत्या गुणगुणत आली.

दवाखान्याचं गेट मात्र उघडलं नाही. वॉचमन तोच होता, रोज हिच्या डब्यातली चटणी मागून खाणारा. गजांच्या आतून म्हणाला, "मावशी, आत फक्त अत्यावश्यक." ऋतिक बाहेर आलाच नाही. पिशवी गेटावरून खाली सोडली, चपला सापडल्या नाहीत. आत्या गाडीत येऊन बसली, मी गाडी सुरू केली, आणि थोडं पुढं गेल्यावर बघतो तर ती रडत होती. आवाज न करता. माझ्या आत्याला आवाज न करता काही करताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"पोलिसानं आत्या म्हनून सोडलं," ती म्हणाली, "आन् ज्यांचं रगत म्या इतकी वर्सं धुतलं, त्यांनी मावशी म्हनून हाकाललं."

माझ्या हातात असतं तर मी त्या गेटात जीप घातली असती.

पुढं गणपतीच्या सुमाराला कोरोना आमच्या बाजूला असा पसरला की बोलायची सोय नाही. तोच दवाखाना कोरोनाचा झाला. खाटा भरल्या, पोर्चमध्येही माणसं झोपवली. ठेकेदारानं धुण्याला दोन गडी पाठवले होते, ते पहिल्याच दिवशी जेवायला म्हणून बाहेर पडले ते गेलेच. पेशंटच्या नातेवाइकांना सांगायला लागले, चादर घरून आणा. हे सगळं मला टोमॅटोच्या फेऱ्या मारताना कळत होतं आणि मी आत्याला सांगत होतो. ती नुसती "हां" म्हणायची.

मग ऋतिकचा फोन आला. आत्या भाकरी थापत होती. फोन स्पीकरवर.

"मावशी, कधी येताय कामाला?"

"कोन मावशी?"

"अहो, तुम्हीच."

"नाव सांग की माझं."

तिकडं नुसतं अं, अं. आत्यानं भाकरी उलटली. "तुझ्या फोनात कसं लिवलंयस मला? तेच वाच."

"धुणं मावशी," तो बारीक आवाजात म्हणाला. लबाड नव्हता पोरगा, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो.

"आसं व्हय? मंग लिवून घे," आत्या म्हणाली. "आल्या तर चौघी येतील, न्हाईतर एक बी न्हाई. मधी ठेकेदार नको, दवाखान्याच्या म्हनून ठिवा. नर्सबाया जे किट घालत्यात ते आमाला बी. आन् गळ्यात आयकार्ड, त्याच्यावर जिचं तिचं नाव."

"होईल मावशी, सगळं होईल. उद्याच या."

आईनं लई विनवलं. "वन्सं, जीव मोठा का चादरी?" आत्या म्हणाली, "भ्या मला बी वाटतंय गं. पर तितं कुनीतरी उघड्या खाटंवर पडलंय. आपलं पडलं असतं तर?" आई डोळे पुसत डबा भरायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी टोमॅटोची फेरी सोडून दिली आणि चौघींना घेऊन निघालो. शीला आणि साधना मंचरच्या बाजूच्या, दोघीही तरण्या. चौथी दादाभाऊची आई. दादाभाऊ तिचा मुलगा. त्याच्यावरून सगळे तिला तसंच म्हणायचे. बाई इतकी अबोल की गाडीत बसली तरी बसल्याचं कळायचं नाही. तिला मी किती वर्षं आणत-नेत होतो, आणि मलाही तिचं दुसरं नाव माहीत नव्हतं.

गेटावर ऋतिक ट्रे घेऊन उभा होता. ट्रेमध्ये चार आयकार्डं, निळ्या फितीसकट, सकाळीच लॅमिनेट केलेली. त्याला वाटत होतं, बाया खूश होणार. आत्यानं आपलं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून अक्षर अक्षर वाचलं.

'मावशी १'.

शीलाच्या कार्डावर 'मावशी २', साधनाच्या 'मावशी ३', दादाभाऊच्या आईच्या 'मावशी ४'.

"सिस्टीममध्ये नावंच नव्हती ना," ऋतिक म्हणाला. "ठेकेदारानं फक्त 'चार मावश्या' एवढंच दिलं होतं. आता घाला, नंतर बदलून देतो."

आत्यानं कार्ड ट्रेमध्ये परत ठेवलं आणि गेटाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

साधना रडकुंडीला आली. "लंकाबाई, घ्या की वो कार्ड! माझ्या घरात दोघं बसून हायत, म्या एकलीच हाय कमवनारी. ह्यांनी दुसऱ्या कुनाला आनलं तर?" तिचं काय चुकलं? मलाही तेच वाटत होतं. मी आत्याजवळ जाऊन म्हणालो, "आत्ये, एवढं जमलंय, आता एवढ्यावरनं मोडू नको. बदलतील ना नंतर."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पोर झालो. "सोपाना, नंबर पुसायला किती येळ लागतो रं? एका फोनात चार पुसले व्हते."

 दादाभाऊची आई आत्याच्या शेजारी जाऊन बसली. मग शीला बसली. सगळ्यांत शेवटी साधना, हातात ते कार्ड तसंच धरून.

आतून फिनेलचा आणि औषधांचा वास येत होता. मळक्या चादरींच्या पिवळ्या पिशव्या भिंतीला छातीइतक्या उंच रचलेल्या. ऋतिक आत पळाला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. दवाखाना त्यांचाच. गालांवर मास्कचे वळ, डोळे लाल, चालताना तोल जात होता. खरं सांगतो, मी त्यांच्यावर चिडून उभा होतो, पण त्यांना बघून माझाच राग अर्धा झाला.

त्या ओरडल्याच. "आत माणसं मरतायत! आणि तुम्ही नावासाठी अडून बसलात? लाज नाही वाटत?"

आत्या उभी राहिली. मी मनात म्हटलं, आता हायवेपर्यंत ऐकू जाणार. पण ती हळू बोलली.

"बाई, मानसं मरत्यात म्हनूनच बसलोय. आमी बी मानसंच हाय. उद्या ह्या चादरी धुता धुता आमच्यातली कुनी गेली, तर तुमी काय लिवनार? मावशी तीन वारली?"

साधनानं हातातल्या कार्डाकडे बघितलं. ते तीन नंबरचं होतं. तिनं ते पटकन कट्ट्यावर ठेवून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी कट्ट्यावरच्या त्या कार्डाकडे बघितलं.  मग त्यांनी ऋतिकच्या खिशातला मार्करचा पेन ओढून घेतला, ट्रेमधलं कार्ड उचललं, छापलेलं नाव खसकन खोडलं आणि म्हणाल्या, "सांगा."

"लंकाबाई असवले."

त्यांनी लिहिलं. आत्यानं कार्ड गळ्यात घातलं, आणि मग तिचा खरा आवाज परत आला. "थांबा! आसं कोरडं न्हाई चालायचं. आज चौघींचं बारसं हाय!" ती शीलाच्या कानाशी वाकली. "कुर्र... शीला!" शीला मास्कमध्ये फुसकन हसली आणि तिनं सवयीनं आत्याच्या पाठीत बुक्की घातली. मग "कुर्र... साधना!" साधना रडत होती, तिनं रडत रडतच बुक्की घातली. अंतर ठेवा म्हणून ऋतिक ओरडत होता, त्याच्याकडे लक्ष कोण देतंय.

राहिली दादाभाऊची आई. डॉक्टरीणबाई पेन धरून तयार. "यांचं नाव?"

आत्यानं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. सगळ्या वाडीची नावं ठेवणारी माझी आत्या, आणि रोज शेजारी बसून चादरी पिळणाऱ्या बाईचं नाव तिला माहीत नव्हतं. "अगं बया," ती म्हणाली, "तुझं नाव काय गं?"

ती बाई लाजली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग स्वतःच पुढं वाकली, आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. बारसं उलटं झालं, बाळानंच आत्याच्या कानात नाव सांगितलं.

आत्या वळली आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचे पेशंट खिडकीशी आले. "कुर्रर्र... सोनीबाई! सोनीबाई गवारी!"

तिघींनी मिळून आत्याची पाठ बडवली. आणि मग डॉक्टरीणबाई दोन पावलं पुढं आल्या आणि त्यांनीही एक बुक्की घातली. चांगली सणसणीत.

"आगं आई गं!" आत्या म्हणाली, "एवढी बी नको बाई, म्या म्हातारी हाय! आना ते किट. कुटं हायत तुमच्या चादरी?"

मी जीपमध्ये जाऊन बसलो आणि उगाचच हॉर्न वाजवला, लई वेळ.

त्या चौघींनी तो दवाखाना पुन्हा दवाखान्यासारखा केला. किटमध्ये घामानं भिजायच्या. हातांची सालं निघाली, आत्याच्या शिव्या ऐकून मशीनही चालायला लागलं. आठवडाभरात छापील कार्डं आली, नावानिशी. आत्यानं घरून घुगऱ्या नेल्या, त्याच खळगा पडलेल्या परातीत. म्हणाली, बारसं झालं, घुगऱ्या ऱ्हायल्यात. सगळ्या दवाखान्याला वाटल्या, वॉचमनला सोडून. दुसऱ्या दिवशी त्यालाही दिल्या. ऋतिक तेव्हापासून तिला आत्याच म्हणतो. त्याला सख्खी आत्या नाही, हे त्याचं कमनशीब.

दिवाळीच्या आधी सोनीबाईला कोरोना झाला. त्या वेळी खाट मिळणं म्हणजे काय होतं, ते ज्यांनी खाटेसाठी गाड्या फिरवल्या त्यांना विचारा. तिला त्याच दवाखान्यात खाट मिळाली, कारण ती दवाखान्याची होती, आणि तसं तिच्या गळ्यात लिहिलेलं होतं. तिच्या खाटेची चादर आत्या दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. सोनीबाई चालत घरी गेली. सगळीकडं असं झालं नाही, मला माहीत आहे. माझ्या गाडीत आजही किती तरी मावश्या मावश्या म्हणूनच चढतात आणि तशाच उतरतात. आत्या प्रत्येकीला नाव विचारते. नाही सांगितलं तर सीट देत नाही.

लस आली, तेव्हा पहिल्यांदा दवाखान्यातल्या माणसांना द्यायची होती. डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या नावांत या चौघी होत्या. मीच त्यांना घेऊन गेलो आणि दाराशी उभा राहिलो. आत बाकांवर डॉक्टर, नर्सा, आणि त्यांच्या मधोमध आमच्या चौघी, चापूनचोपून लुगडी नेसून, गळ्यात कार्डं. शीलाचं झालं, साधनाचं झालं. मग आतून हाक आली.

"सोनीबाई गवारी!"

कुणीच उठलं नाही.

"सोनीबाई गवारी आहेत का?"

सोनीबाई मान वळवून वळवून सगळ्यांकडे बघत होती, ही कोण बाई आहे आणि उठत का नाही म्हणून. तेवढ्यात तिच्या पाठीत सणकन एक बुक्की बसली.

"आगं भवाने," आत्या ओरडली, "तूच की गं ती!"

सोनीबाई ताडकन उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी गळ्यातलं कार्ड वर उचलून धरलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हाय! म्या हाय! सोनीबाई म्याच हाय!"